साठ कप अन् एक हडळ

…तसं पाह्यलं तं बाई, पंच्याहत्तर वर्सांत या उकंडरावनं कोनाची माफी मागतली नाई — अख्ख्या रिठद गावाले विचारा — म्हंजे बायकोची मागतो, रोज सकायी मागतो, चहा पाह्यजे असते ना, पण थे माफीत धरत नाई. खुर्ची राहू द्या, मी इथंच पायरीवर बसतो. तुमी लिहा तुमचं रजिस्टर. उद्या तुमचा निरोपसमारंभ अन् आजही लिहूनच राह्यल्या, शाया काय तुमच्याबिगर बंद पडन का — पडन म्हना, त्या नव्या मास्तरचं अक्षर पाह्यलं मी, कोंबडीनं उकरल्यावानी. मी सातवी नापास, तरी माहं बरं. तं मी कायले आलो? हो. आमच्या संस्कृतीचं. तुमी तिले, माह्या नातीले, उद्यासाठी साठ कपांची ऑर्डर देली ना, त्या कॉफीवाल्या गोडाची — तिरामिसू का काय थे, मी त्याले तेरामाशी म्हनतो, पोट्टी चिडते, म्हनून तं म्हनतो — थे जरा रद्द करता काय? तुमच्याकडून. म्हना, कमेटीनं पेढे ठरवले. साधे पेढे. लोकायले पेढेच आवडते, कॉफी गावात पेली कोनं?

काहून म्हंजे? पोट्टी थकली, बाई. तुमाले वाटते सोपं काम हाय. चूल नाई, भट्टी नाई, गॅस फक्त कॉफीच्या पान्यापुरता. असलीमधी म्हने अंडे राह्यते, दारूचा हात राह्यते, अन् कोनतं तरी विलायती लोणी, थे मालेगावात तं सोडाच, अकोल्यातही नाई भेटत. अन् तिच्या बापाले, आमच्या मानिकरावले, डॉक्टरनं लोणी-तूप बंद सांगतलं. तं हिनं म्हटलं, आपन हलकं करू. दुधावरची साय काढून दही लावलं, माह्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं, खुंटीले टांगलं — धुतलेल्या धोतराच्या, अशा पाहू नका — अन् त्याचा चक्का केला. त्यात साखर, तेही बोटावर मोजून. मंग बेकरीचे टोस्ट कॉफीत बुडवाचे, एक म्हना अन् काढा, दोन म्हटलं का मातीवानी गारा झाला. टोस्ट, चक्का, टोस्ट, चक्का, वरून चहाच्या गाळणीनं कोकोची भुकटी, अन् सहा घंटे फ्रिजमधी. मागच्या महिन्यात तिनं तुमाले, शेजारच्या धुरपताबाईले, सरपंचाले बोलावून खाऊ घातलं तवा कसं उभं राह्यलं होतं, इटेवानी! चमचा घातला तं भित कापल्यासारखं निंघालं. तुमी पयला चमचा तोंडात घेतला. डोये मिटले. मंग अजून एक कप मागतला. मी खांबामांगं उभा राहून असा हासलो, असा हासलो — असंच, आनंदानं. नातीचं कौतुक नाई का?

आता जमत नाई तिच्यानं. चार दिवस झाले. कप भरते, फ्रिजमधी ठेवते, सहा घंट्यांनी पाहते तं चक्क्यानं पानी सोडलेलं, टोस्टचा चिखल, वरचा कोको वाहून राह्यला बुडाले. दोन डाव म्हशीचं सारं दूध त्याच्यात गेलं. कुत्र्यालेही आता कॉफीचा नाद लागला, दिवसभर भुकून राह्यला. अन् मानिकरावनं तिले सांगून ठेवलं हाय, उद्याचं जमलं तं मालेगावात बसस्टँडजवळ तुह्या दुकानाले गाळा पाहू, नाई जमलं तं लग्नासाठी पावने पाहू. पोट्टी म्हनते, आबाजी, माहा हातच गेला. मी म्हटलं, हात कुठं जाते, हा काय तुह्या मनगटाले हाय. पयले या असल्या बोलण्यावर हासत होती थे. काल नाई हासली.

मले काय माईत कशानं बिघडून राह्यलं? मी काय हलवाई हाय? …बाई, तुमी रजिस्टरात पाह्यता का माह्याकडे? एक काय थे करा.

चिंचोके. झालं? चिंचोक्यांनी बिघडलं. म्हंजे चिंचोक्यांनी जमलं होतं. तुमाले खाऊ घातलं त्या दिवशी सकायी तिची कॉफीची बाटली मी माह्या डब्यात रिकामी केली, अन् बाटलीत भाजलेल्या चिंचोक्याची भुकटी भरली. रंग तोच, कडवटपनाही जवयपास तोच. मले वाटलं, सरपंच थू थू करन, तुमी सभ्य बाई म्हनून मुकाट गिळान, धुरपताबाईचं तोंड पाह्यन्यासारखं होईन, पंधरा दिवस पुरन हासाले. तं सगये म्हनते, वा वा! मीच येडा झालो. दुसऱ्या दिवशी गुपचूप असली कॉफी बाटलीत परत भरून देली — पाहा, इमानदारी! — अन् तितंच घोडं अडलं. घोंगडे विननारे सुताले चिंचोक्याची कांजी कायले लावते? ताठ राह्याले. चिंचोक्यात गोंदावानी चिकट राह्यते. तिचं दही सायीबिगरचं, हलकं, त्याले धरनारं काईच नाई. चिंचोक्यानं धरलं होतं. तिच्या हाताचं जे नाव झालं बाई, त्यात अर्धा हात चिंचोक्याचा होता, अन् तिले थे माईतच नाई.

आज सकायी चिंचोक्याच्या भुकटीचा डबा घेऊन गेलो होतो मी तिच्याकडं. म्हटलं, पुन्हा भरून देतो बाटली, साठ कप होऊन जाईन, कोनाले पत्ता नाई. दारातून पाह्यलं तं थे खाली बसलेली, बाटली मांडीवर, झाकन उघडून वास घेऊन राह्यली. झाकन लावे, पुन्हा उघडे. पुन्हा वास. जसं काय कॉफीच तिले सांगन का तुहं कुठं चुकलं. डबा बंडीच्या खिशात कोंबला अन् निंघून आलो. हा पाहा, अजून बंडीतच हाय.

सांगाचं काय त्यात, सांगून देऊ — उद्या. समारंभ झाल्यावर. आता सांगतलं तं थे मले… माह्या साऱ्या गमतीवर आजवर थेच एक हासत आली. बाकीचे तं कवाचे थकले. म्हनून म्हनतो, तुमीच पेढ्याचं सांगा, माफी पुढं पाहू. मस्करीची माफी नसतेच, बाई, मस्करी म्हंजे काय, कोनाचं वाईट थोडीच करतो आपन. आता हे चिंचोके ज्या झाडाचे हाय ना, आमच्या वावरातल्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या चिंचेचे, त्या चिंचेवर मी बहात्तरच्या दुष्काळात हडळ बसवली होती. तुमी आयकली असन! हडळ म्हंजे मीच. तागाचे केस लावले, कायं घोंगडं पांघरलं अन् भर दुपारी फांदीवर बसलो. तुमच्या वस्तीतले लेकरं खाली चिंचोके वेचाले येत. असा किंचाळलो, का टोपल्या टाकून पयाले! मले बापानं सांगतलं नव्हतं हो, झाड राख म्हनून. मी आपला गंमत म्हनून. पंधरा दिवस चाललं. एक बाई तेवढी पयाली नाई. एका हातानं चार-पाच वर्सांची पोरगी धरलेली, दुसऱ्या हातानं वेचतच राह्यली, वर पाह्यलंसुद्धा नाई. मी फांदी हालवली, पुन्हा किंचाळलो, तरी नाई. गंगू होती थे, तुमची…

पानी देता का जरा?

नाई, थे जुनं झालं. पन्नासवर वर्सं झाली. तवा मी बावीस वर्सांचा, मले काय अक्कल होती? आता तरी कुठं हाय म्हना. मी संस्कृतीचं बोलून राह्यलो होतो. तं तुमी लावता ना तिले फोन, पेढ्याचं सांगता ना? बाई? रजिस्टर काहून मिटलं?

“उकंडभाऊ, चिंचोके मी पहिल्याच चमच्याले ओळखले होते. त्या साली माह्या मायनं तेच दळून आमाले खाऊ घातले, अन् झाडावर कोण बसते हे तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मले उद्या साठही कप चिंचोक्याचेच पाहिजेत. फोन लावला आहे मी, घंटी वाजून राह्यली — तिले तुमी सांगता, का मी सांगू?”