हळदीच्या दिवसांतलं अर्धं बोट

मी मूळची सिद्धेश्वरची. धरणाच्या काठाला आमचं घर, अब्बा मासे धरायचे आन् जाळं सोता इनायचे. नाव माझं रशीदा, पन इथं गोरेगावात, आमच्या ह्या हळदीच्या मुलखात, समदे गोधडीवाली चाची म्हनतात, तुमी बी तेच लिहा, मला वाईट न्हाई वाटत. वाईट कशाचं वाटतं ते सांगते, पन दमानं ऐका, माझं बोलनं सरळ न्हाई चालत, शिलाई तेवढी सरळ चालते.

लगीन होऊन मी दर्जीच्या घरात आले. बाजारात सासऱ्याचं दुकान, तिथं सासरे, माझे मालक आन् थोरले जेठ बसायचे, जेठाला आमी बडे भाई म्हनतो. बायांनी घरी बसून काज-बटन करायचं, मशीनला हात लावायचा न्हाई. सासरे गेले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, दुकान बडे भाईला गेलं आन् एक काळी पायमशीन माझ्या मालकाच्या वाट्याला आली, ती घरात आली. मालकानंच मला टीप मारायला शिकवलं. चांगला मानूस व्हता, बोलायचा कमी, काविळीनं गेला. काय सांगू तुमाला, मौतीचा चाळिसावा दिस झाला न झाला की बडे भाई दारात, धाकट्या भावाच्या बायकोला आमच्यात दुल्हन म्हनतात. दुल्हन, मशीन दुकानात नेतो, तुला तिचं काय काम. म्या म्हनलं, माझ्या मानसाच्या वाट्याची हाय, म्हंजे माझी हाय. पदर डोक्यावर व्हता, नजर खाली व्हती, पन म्हनलं.

आता मला कपडे शिवायला कोन देनार, दुकान तर त्यांचं. म्हनून म्या गोधड्या धरल्या. तुकडे कापायचे, मशीनवर जोडून वरचं पान करायचं, मंग खाली जुनी लुगडी घालून हातानं दोरे भरायचे. लोक म्हनायचे मशीनची गोधडी म्हंजे गोधडी हाय का, तिला ऊब कुठून येनार. म्या म्हनायची, ऊब लुगड्याची असती, मशीन काय लुगडं खाती का. अशीच तोंड चालवत बसायची. एक सरूबाई तेवढी आली, पाटलाच्या मळ्याजवळ तिचं शेत, म्हनली रशीदा, पोरीच्या रुखवतात ठेवायला चौकोनाची गोधडी कर, तुज्याच हातची पायजे. रुखवत म्हंजे समदं गाव येऊन बघनार, उचलून बघनार, उलटून बघनार. मला लई आनंद झाला.

दोन तुकडे जोडले की टिपेच्या बाहेर जे कापड राहतं त्याला आमी दाब म्हनतो. सदऱ्याला दाब कमीजास्त झाला तरी कुनाला कळत न्हाई, उलट दर्जी मुद्दाम जास्त सोडतो, पोरगं वाढलं की उसवून मोठं करता येतं. गोधडीत तसं न्हाई. एका जोडाला ज्वारीच्या दान्याएवढं चुकलं की ओळ संपेस्तोवर चार बोटं चुकतं. आमच्याकडं समद्या बायांचं माप एकच, अर्धं बोट, म्हंजे बोटाच्या जाडीच्या निम्मं. सासूनं हातशिलाईला तेच शिकवलं, तिच्या सासूनं तिला. मशीनवर बी म्या तेच धरलं, सुईपाशी बोट धरायचं, कापड अर्ध्या बोटावर आलं की पाय चालवायचा. म्या तसंच केलं, आज थोडं, उद्या थोडं, मधी हळद निघाली तर दिवसा हळदीला रोजानं गेले, सांजच्याला येऊन चौकोन जोडले.

पान तयार झालं, अंगनात पसरलं, आन् ते बसंना. एका अंगाला ओढलं की दुसऱ्या अंगाला फुगतं. मधी हे असं उभं राहिलं. आन् नेमके बडे भाई तिथून चाललेले, संगं बाजारातले दोघं-तिघं. बघून असे हसले. बघा रे, गोधडीला पोट आलं, म्हने, कितवा म्हयना हाय इचारा. दुल्हन, ये मरदों का काम है. माझ्या डोळ्यात पानी आलं, पन ते रडू नव्हतं, राग व्हता. म्या त्या मानसांसमोर म्हनलं, सरूबाईच्या रुखवतात ही गोधडी सपाट पडली तर मशीनीचं नाव पुन्हा काढायचं न्हाई, आन् न्हाई पडली तर उचलून न्या. म्हनून तर बसले, पन लगीन तोंडावर आलेलं.

समदं उसवलं. उसवता उसवता बघते तर काय, काही चौकोन बराबर, काही बारके, आन् जे जे बारके त्यांच्या उलट्या अंगाला दाबावर पिवळं. बोटाचे ठसे, हळदीचे. तवा कळलं. हळदीचे कंद मोडून मोडून माझी बोटं सुजायची, जाड व्हायची. बोट जाड झालं तर अर्धं बोट बी जाड झालं, दाब वाढला, चौकोन बारका झाला. म्या बोटाकडं बघितलं आन् एकटीच हसले. सासूनं उन्हाळ्यात शिकवलं व्हतं, तवा हळदीचं काम नसतं, ती हळदीचं काहून सांगंल.

मंग अब्बा आठवले. जाळ्याचा डोळा, म्हंजे जाळ्याचं भोक, अब्बा कधी बोटावर इनायचे न्हाई, बांबूची चिपाट ठेवायचे, तिच्यावर सूत घेऊन गाठ. म्हनायचे थंडीत बोट आखडतं, चिपाट आखडत न्हाई. म्या जुन्या चपलेच्या रबराची पट्टी कापली आन् पंक्चरवाल्याच्या डिंकानं सुईच्या बाजूला मशीनलाच चिकटवली. कापडाची कड तिला घासत न्यायची, बोटाला इचारायचं न्हाई. तरी भरोसा नव्हता, म्हनून तीन सारख्या पट्ट्या जोडून मधली मोजली, तिचा दोन्ही अंगानं दाब जातो, ती ठरल्या मापाची येईस्तोवर रबर काढलं, लावलं, काढलं, लावलं. आता डोळे झाकून बी दाब तोच येतो.

नव्यानं जोडलेली गोधडी रुखवतात अशी पडली, जशी सारवलेली जमीन. चार चौकोनांचे कोपरे एका टिंबावर. सरूबाईनं मला सगळ्या पाव्हण्यांसमोर जवळ घेतलं. बडे भाई आलेले, त्यांनी कोपरा उचलला, उलटा करून बघितला, लई वेळ बघितला. मंग काय म्हनले माहितीय का. मशीन अच्छी है अब्बा की, म्हंजे माझ्या सासऱ्याची. म्या म्हनलं, व्हय, मशीन रातीतून एकटीच उठून शिवून राहिली व्हती, मी झोपले व्हते.

तुमाला वाटंल तिथं मिटलं. न्हाई मिटलं. आता त्यांचं दुकान बंद, तयार कपड्यांनी खाल्लं, हात थरथरतात, तरी परवा ईदला शिरखुर्मा प्यायला आले तर पुन्हा तेच, मशीन आमच्या खानदानाची हाय. म्या वाटी हातात दिली आन् मशीनवर जाऊन बसले. ते बोलत व्हते, म्या पाय थांबवला न्हाई. त्यांचं घर आन् माझं घर, मधी एक भिंत, मशीनचा आवाज पार त्यांच्या खाटेपत्तुर जातो. तर माझी दुवा लिहून घ्या, मनापासून मागते रोज. अल्ला बडे भाईला लंबी उमर देवो, हातपाय चांगले ठेवो, आन् कान तर लई चांगले ठेवो.