एकतीस वर्षं आठ महिने

आलमबागला मेट्रोत एक जोडपं माझ्या शेजारी येऊन बसलं. बाईंच्या मांडीवर नवी, रिकामी फ्रेम होती.

"भर कार्यक्रमात मिळालेलं प्रशस्तिपत्र परत का दिलंत?"

"त्यात बत्तीस वर्षांची सेवा लिहिली होती, मधुमती. माझी एकतीस वर्षं आठ महिने झालीत."

"चार महिन्यांनी कुणाचं काय बिघडलं असतं?"

"लोकांच्या कागदांतल्या असल्या चुका मी जन्मभर काढल्या. स्वतःच्या वेळी सोडून देऊ?"

"अच्छा. मग दुरुस्त होऊन कधी मिळणार?"

"फाइल माझ्याच टेबलावर आलीय. सेवेचा काळ मीच तपासतो ना."

"मग करा की सही! शुक्रवारी रिटायर होताय."

"स्वतःच्या कागदावर स्वतः सही चालत नाही. माझ्या जागी येईल तो करेल."

"तो कधी येणार?"

"अजून ऑर्डर निघालेली नाही."

"आणि भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय, त्याचं काय? या फ्रेममध्ये आता काय लावू मी?"

"परत देताना नोट लिहिली होती. तिची झेरॉक्स आहे खिशात."

"वाचा."

"'सेवा एकतीस वर्षे आठ महिने. यापेक्षा अधिक श्रेय देय नाही.'"

बाईंनी फ्रेम उलटी केली.

"काय झालं?"

"काही नाही. फ्रेम धरा जरा, मागचा पुठ्ठा काढते."