आईच्या खुर्चीचा ब्रेक

मी चाकणच्या कंपनीत दिवसभर गाड्यांचे ब्रेक जोडतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तर आमच्या आईच्या व्हीलचेअरचं असं झालं, की ब्रेक लावलेला असूनही ती उठताना खुर्ची मागे सरकायची. एकदा मी धरलं म्हणून पडली नाही. मी पाना घेऊन ब्रेक टायरच्या जवळ आणला. आठवड्याने पुन्हा तेच, म्हणून आणखी जवळ आणला. तिसऱ्यांदा मात्र कोडंच पडलं. नट घट्ट, ब्रेक धड, मग खुर्ची सरकते कशी?

शेवटी खुर्ची कासारवाडीला सलीमभाईंच्या पंक्चरच्या दुकानात नेली. त्यांनी ब्रेककडे बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याने टायर दाबला आणि विचारलं, "भाऊ, हवा कधी भरली होती?"

त्यांनी दोन्ही टायरमध्ये हवा भरली. आता ब्रेक लागेचना, इतका मी तो पुढे आणून ठेवला होता. त्यांनीच तो मागे घेतला, दोन्ही बाजूंचे ब्रेक लावून रिकामी खुर्ची ढकलून बघितली. जागची हलली नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तू जोडलेल्या गाड्या कुठल्या रस्त्याने जातात, तेवढं सांगून ठेव. मला तिकडून नेऊ नकोस."