आजीचे गुडघे

तियामिके : माफ करा सर! परत बसले ना मी?

काचिंग्वे सर : बसलीस. तीन दिवसांत सातव्यांदा. अगं, नाटकात तू आजी आणि मी दहा वर्षांचा नातू. नातू घरात आला की आजी गुडघ्यांवर बसते का?

तियामिके : तुम्ही दारातून आलात की गुडघे आपोआप वाकतात! मोठ्यांना बसूनच नमस्कार करायचा, आईनं लहानपणापासून तेच शिकवलंय. त्यात तुम्ही हेडमास्तर. माझ्या बाबांनीसुद्धा तुमच्या छड्या खाल्ल्यात.

काचिंग्वे सर : तुझा बाप होताच तसा.

तियामिके : म्हाताऱ्यांनी पोरं व्हायचं आणि पोरांनी म्हातारं, हे खूळ कुणाचं हो?

काचिंग्वे सर : दलित्सोचं. नाटक तो बसवतोय ना! त्यानं बजावलंय, आता आणखी एकदा बसलीस तर आजीचं काम दुसरीला. शनिवारी झोम्बा शहराच्या बाजारात प्रयोग आहे.

तियामिके : दोन वर्षं नुसता पडदा ओढलाय मी, सर. हे पहिलंच काम मिळालंय.

काचिंग्वे सर : मग रागाव! नातू जेवायला उशिरा आलाय.

तियामिके : कुठे होतास, बाळा?

काचिंग्वे सर : हा राग? पाहुण्याला पाणी विचारतेयस जशी!

तियामिके : नाही जमत... सर, तुमचा हात का थरथरतोय?

काचिंग्वे सर : काही नाही गं. सकाळपासून खाल्लं नाहीये. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार?

तियामिके : आणि ब्लडप्रेशरची गोळी?

काचिंग्वे सर : ती जेवल्यावर घ्यायची असते.

तियामिके : म्हणजे तीही नाही? शोभतं का हे? जन्मभर गावाला शिस्त लावलीत, आणि स्वतः? परवा पायरीवर तोल गेला तुमचा, जीव घाबरला आमचा! हा घ्या डबा. मक्याच्या पिठाचा घट्ट नसिमा आहे, सुकी मासळी आहे. सगळं संपवायचं! आणि उद्यापासून जेवायला आमच्याकडे. ऐकू आलं?

(सर हळूहळू गुडघ्यांवर बसतात आणि दोन्ही हातांनी डबा घेतात.)

तियामिके : अहो सर, हे काय! उठा! अगं बाई... मी उभीच आहे!

काचिंग्वे सर : ताठ उभी आहेस. शनिवारीही अशीच राहा.

तियामिके : मग डोळे का पुसताय? फार बोलले का मी?

काचिंग्वे सर : छे गं. बायको गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून कुणी रागावलंच नव्हतं. बरं वाटलं... मासळीत मीठ कमी आहे हं, आजी.

तियामिके : मुकाट्यानं खा, बाळा.