गाडीची किल्ली

टायरच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. शेजारी बाप-लेक बसले होते. माझे कान माझं कधीच ऐकत नाहीत. ते थेट त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसले.

“बाबा, भाजी आणायच्या गाडीला रेसचे टायर?”

“रेसचे नाहीत गं. वळणावर रस्ता घट्ट धरतात. मग तरी देशील ना किल्ली?”

“नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, मी दिलेली नाही. तुमचं सुसाट चालवणं मला ठाऊक आहे.”

“ऑपरेशनला सहा महिने झाले. तेव्हापासून तूच चालवतेस, मी मागे डोळे मिटून बसतो. अजून किती दिवस?”

“कायमचे.”

मिस्त्री हात पुसत आला. “ताई, जुने टायर काढले. बाहेरच्या कडा पार झिजल्यात बघा. कोणीतरी वळणं भरधाव घेतलीत.”

“ऐकलंत, बाबा? आता बोला!”

“मी काय बोलणार? मिस्त्री, हे टायर बसवले कधी?”

“पाच महिने झाले. ताईच आल्या होत्या की गाडी घेऊन.”

लेक वाकून टायरच्या कडा निरखू लागली.

“ताई, मग कुठले बसवू?”

“ते... घट्ट धरणारे.”

“शहाणी माझी पोर. आण ती किल्ली. आणि मागे बस. डोळे मिटलेस तरी चालेल.”