अर्धी दाढी

...नाही, मला एक सांगा, माणसाच्या डोक्यात मागून काहीतरी जड घातलंय, कवटी फुटलीय, डॉक्टरने लिहून दिलंय, पेपरात आलंय, आणि तरी फोनवरचं सगळं जग विचारतंय काय, तर वस्तरा कुठे होता! अहो, माझ्या हातात होता! दाढी करणाऱ्याच्या हातात वस्तरा नाही तर काय कलिंगड असणार?

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. गिऱ्हाईक बोलतं, मी 'हं' म्हणतो, संपलं. पण आता सगळेच बोलतायत आणि तेही माझ्याबद्दल, मग मी काय पट्ट्यावर पातं घासत बसू?

झालं असं. समोरचा औषधवाला. रोज दुकान उघडायच्या आधी माझ्याकडे यायचा, खुर्चीत बसायचा, मान मागे टाकून डोळे मिटायचा. त्या दिवशी उजवा गाल झाला, डाव्याला फेस लावला, वस्तरा टेकवणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आलो, आलो, तिथेच थांब," म्हणाला आणि उठला. म्हटलं, "अर्धी राहिली." "आलोच काका!" गळ्यात माझा टॉवेल, एका गालावर फेस, तसाच रस्ता ओलांडून गेला. तो गेलाच. त्याच्या दुकानामागच्या बोळात सापडला. फोन गायब. ज्या नंबरवरून बोलावलं तो नंबर बंद, त्यावरचं नाव खोटं. पोलिसांना मी सगळं सांगितलं, त्यांनी सगळं तपासलं, मला घरी पाठवलं. खुनी मात्र अजून मोकळाच.

इथवर माझं काही चुकलं? नाही ना? पुढे ऐका.

पोलिसांनी मयत घरी दिलं. मी भेटायला गेलो. चादरीतून तोंड तेवढं दिसत होतं. एक बाजू गुळगुळीत, एक बाजू खुंट, कानापाशी माझा फेस वाळलेला. लोक रडत होते... मला तो गाल सोडून दुसरं काही दिसेना. माझ्या खुर्चीतून उठलेला माणूस असा जाणार? मी अर्धं काम सोडत नाही. त्याच्या बायकोपाशी गेलो, म्हटलं, "पोरी, पुरी करू का?" ती म्हणाली, "करा काका. असं तोंड घेऊन ते कधी बाहेर पडले नसते." केली. थंड कातडीवर वस्तरा कसा चालतो ते विचारू नका.

आणि खिडकीतून कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं!

संध्याकाळी जावई धावत आला. "मामा, मामा, हे काय करून बसलात!" आणि फोनवरचं वाचून दाखवायला लागला. कुणी एक 'अंधारातला डोळा' म्हणून आहे, खरं नाव लावायची छाती नाही, तो लिहितो, "खुनी परत आला आहे. पुरावा पुसतो आहे. हात बघा, जरासुद्धा थरथरत नाही!" अरे, थरथरला तर गाल कापेल ना! एका बाईने माझ्या भुवयांवर अर्धा तास भाषण दिलं. एकाने माझ्या खुर्चीपासून बोळापर्यंत लाल बाण काढले. बरं, त्यात एक शहाणा होता, तो म्हणाला, "पण घाव डोक्यात आहे, गळा कापलेला नाही." त्यावर डोळा काय म्हणतो? "तेच तर! हा गळा कापेलच कसा? लगेच संशय येईल!"

आता बोला! कापला तरी मी, नाही कापला तरी मीच!

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी. शेजारचे मास्तर, ज्यांना हनुवटीवर चार केस येतात, ते म्हणाले, "सध्या दाढी वाढवतोय." टेलर म्हणाला, "घरीच खरडतो." घरी! निम्मी कानाखाली राहिलेली, नुसती बघूनच माझा हात शिवशिवतो! बायको म्हणते, "अहो, थोडे दिवस बंद ठेवा." बंद केलं म्हणजे मीच केलं, असं नाही होणार? आमचा धंदा मानेवर चालतो. माणूस डोळे मिटून मान देतो, म्हणून मी कुणीतरी आहे. मान नाही, तर मी कोण? रिकाम्या खुर्चीमागे उभा राहिलेला वस्तरावाला म्हातारा!

तेही सोसलं असतं. पण मुलगी आली, चहा केला, कप हातात तसाच धरून हळूच म्हणाली, "बाबा... तुम्ही नाही ना?"

जिच्या केसांना माझ्याशिवाय कुणाची कात्री लागली नाही ती! मी म्हटलं, "चहा निवतोय."

आणि मग एक दिवस भर दुपारी एक गिऱ्हाईक आलं. अनोळखी, काळा चष्मा. "काका, दाढी." काय सांगू, मला भरून आलं. टॉवेल लावला, फेस केला, मान मागे घेतली. आणि बघतो तर त्याने फोन आरशाखाली टेकवून ठेवलेला, तोंड माझ्याकडे! त्यावर अक्षरं सरसर वर चाललेली. वाचायला मी फार शिकलेलो नाही, पण 'आता कापेल' एवढं कळलं.

हाच तो डोळा! माझ्या खुर्चीत! माझी परीक्षा घ्यायला!

गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली... पातं तिच्यावर टेकलेलं... जग बघतंय... एक ओरखडा उठला, रक्ताचा एक थेंब आला, की मी संपलो. श्वास धरला. उजवा गाल केला. स्वच्छ! ब्रश फिरवला, डावीकडे वळलो, आणि नेमका त्याचा फोन वाजला.

गडी असा दचकला! "मारलं, मारलं!" म्हणत फोन उचलला आणि गळ्यात टॉवेल, एका गालावर फेस घेऊन रस्त्यावर पळाला...

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? असाच फेस घेऊन एक गेला होता, तो परत आला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे तोच गाल आला आणि मी मागे धावलो. "थांब! अर्धी राहिली! पुरी करू दे!"

हातात वस्तरा.

सगळी गल्ली फोन काढून उभी. तो पुढे किंचाळतोय, मी मागे, आणि कोपऱ्यावर पोलीस. साहेब म्हणाले, "आजोबा, वस्तरा खाली ठेवा." म्हटलं, "ठेवतो. आधी याची पुरी करू द्या." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्या गालाकडे बघितलं, हसू दाबलं. "करा. माझ्यासमोर करा." पानपट्टीच्या स्टुलावर बसवला त्याला. अख्ख्या गल्लीसमोर केली. खिशातली तुरटी फिरवली. एक ओरखडा नाही! मुलगी गर्दीत उभी होती, पदर तोंडाला लावून. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

म्हणाल, सुटलो? कुठलं! आता दुकानाबाहेर रांग असते. मित्रांबरोबर पैजा लावून येतात, फोन टेकवतात, थरथरत मान देतात. औषधवाल्याला कोण मारून गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याची बायको समोरचं दुकान उघडते, मी इकडून बघतो, ती तिकडून. आमचं दोघांचंच अर्धं राहिलंय.

या रांगेत कधीतरी तोही येऊन बसेल... तो खरा. मान मागे टाकेल, डोळे मिटेल. मला कळणारसुद्धा नाही.

आणि मी काय करणार? त्याचीही पुरीच करणार!