न लिहिलेल्या पुस्तकाची प्रत

आदरणीय अध्यक्ष, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी प्राध्यापक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आज निवृत्त होणारे आपले ग्रंथपाल जयराम गांगुर्डे सर,

एकतीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या या माणसाला आपले विद्यार्थी 'काका' म्हणतात. वायफायचा पासवर्ड सांगणारे, पंख्याखालची खुर्ची मिळवून देणारे काका. त्यांच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, हे मलाही काल मानपत्र लिहिताना कळलं. आम्ही प्राध्यापक तरी कुठे चौकशी करतो?

गेल्या वर्षीची गोष्ट. मनमाडहून रोज येणाऱ्या तेजलनं (तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिची परवानगी घेतली आहे) एम.ए.चा लघुप्रबंध लिहिला. विषय, मालेगावचे यंत्रमाग कामगार. शेवटी तीस संदर्भग्रंथांची भरगच्च यादी. मार्गदर्शक म्हणून मी सही केली. वाचून केली का? एक नोंद वाचली. 'मालेगावचा यंत्रमाग : एक अभ्यास', आणि लेखक म्हणून चक्क माझं नाव. मित्रहो, बारा वर्षं मी पुस्तक लिहितोय असं सांगतो आहे; लिहिलेलं पान एकही नाही. तरी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सोमवारी प्रबंध विद्यापीठात जायचा होता. तेजल यादीवर ग्रंथपालांची सही घ्यायला गेली. यांनी सही केली नाही. दोन दिवस पुण्याला, मालेगावला फोन लावले. नऊ पुस्तकं कुठेच नव्हती. तेजल म्हणाली, "काका, मोबाइलवरच्या एआयनं नावं दिलीत, म्हणजे पुस्तकं असणारच ना?"

मग हे माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक आपल्याकडे नाही. माझ्याकडूनच राहिलं असेल. एक प्रत द्याल?"

प्रबंध तसाच गेला असता, तर मुलीचं वर्ष गेलं असतं आणि माझी अब्रू. यांनी मुदत वाढवून घेतली, चार दिवस तिला शेजारी बसवलं. पुस्तक हातात घ्यायचं, वाचायचं, मगच त्याचं नाव लिहायचं, एवढंच शिकवलं. तिसाची यादी चौदावर आली. ती पास झाली. कुणाकडे चकार शब्द नाही. प्राचार्य महोदय, आपणही हे आज प्रथमच ऐकताय, याची मला कल्पना आहे.

गांगुर्डे सरांची जागा आता भरणार नाहीत, असं कळतं. तिथे संगणक बसतोय. विचारलं की क्षणात यादी देतो म्हणे.

सर, मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा करा, आणि आजच सांगा. उद्यापासून तपासून पाहणारं इथे कुणी नसेल.